अण्णा, तो गळ माझा: मच्छीमार संस्थेला एका गळवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. चेअरमन, संचालक मंडळ आणि सर्व सभासद बंधू-भगिनी,
मच्छीमार सहकारी संस्था.

(संस्थेचं आणि धरणाचं नाव लिहीत नाही. गंगापूर, काश्यपी, वालदेवी, दारणा, मुकणे, नाशिकच्या आसपास कुठेही जा, भांडण हेच आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)

स. न. वि. वि.

धरणाच्या भिंतीकडे वळणाऱ्या रस्त्यावर तुमचा नवा बोर्ड लागलाय. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: गळ टाकण्यास सक्त मनाई, काठी व गळ जप्त करण्यात येईल. रंगवणाऱ्याचा ‘सक्त’ जरा लडखडलाय, पण अर्थ पोचतो. आमच्यातले बरेच जण तो वाचून तापले. मला मात्र राग यायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं. का, ते पुढे येईलच.

मी नाशिकरोडचा. वडील प्रेसमध्ये होते. सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून चेहेडीला दारणेवर न्यायचे, कधी गंगेवर. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) बांबूची काठी, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), तरंगायला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा आणि शिशाऐवजी सायकलचा नट. गांडुळं आदल्या संध्याकाळी उकिरड्याच्या ओल्या कडेला उकरायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीमागे ठेवायची, आईला दिसणार नाहीत अशी. आईला ती रोज दिसायची. तेव्हापासून गळ हातात आहे. आज कार्बनची काठी आहे, रीळ आहे, पण आमिष तेच: गांडूळ, झिंगा, चिलापीचं (तिलापिया माशाचं) पिल्लू.

आधी तुमची बाजू मांडतो, कारण आम्हा हौशी लोकांना ती ठाऊकच नसते. शहरातून आलेल्या माणसाला धरण म्हणजे सरकारी पाणी वाटतं आणि पाण्यातला मासा ज्याच्या हाती लागेल त्याचा. तसं नाही. तलाव संस्थेला पाच वर्षांच्या ठेक्यानं मिळतो, ठेक्याची रक्कम भरावी लागते आणि दरसाल मत्स्यबीज सोडावं लागतं. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येते. तुमची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, पिशव्या आधी नुसत्या पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ देतात आणि मगच तोंड सोडतात. एका वर्षी मीही हात लावला होता. बोटाएवढे रुपेरी जीव क्षणभर पायापाशी घोटाळले आणि मग असे गेले की पिशवीत काही होतं की नव्हतं असं वाटावं. त्या बोटुकलीचे पैसे तुम्ही मोजलेत. तेव्हा पाणी सगळ्यांचं, पण मासळी तुमची, हे मला मान्य आहे. आम्ही पाहुणे. फक्त पाहुण्याला दार लावायच्या आधी त्याचं एकदा ऐकून घ्या.

पाहुण्यांचा एक लाडका युक्तिवाद आहे. आम्ही म्हणतो, आम्ही जिवंत आमिष लावतो, आमच्या गळाला तुमचा कटला-रोहू लागतच नाही. यात तथ्य आहे. कटला वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो, रोहू मधल्या पाण्यात शेवाळ-पाल्यावर असतो, मृगळ तळाच्या गाळात तोंड घालतो. त्यांच्यासाठी कणीक, पेंड, भाताचे गोळे. जिवंत आमिषावर येतात ते शिकारी. कपारीतली वाम गांडुळावर येते, पाणवेलीखालची मरळ बेडकावर, डोहातला शिवडा रात्री जिवंत माशावर, आणि शिंगाडा काय मिळेल त्यावर. म्हणजे तुमची बोटुकली फस्त करणारेच आम्ही काढून नेतो, उलट आभार माना!

हे मी तुमच्या एका जुन्या सभासदापुढे मोठ्या तोऱ्यात बोललो होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णा थर्माकोलच्या तराफ्यावरून उतरत होते. म्हणाले, “मरळीचा भाव काय चाललाय, माहितीये का साहेब?” माहीत होता. मरळ हवेतून श्वास घेते, ओल्या गोणपाटात तासन्‌तास जिवंत राहते, बाजारात टोपल्यात वळवळत असते आणि गिऱ्हाईक तिला कटल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतं. अण्णा म्हणाले, “तुम्ही आमचे उंदीर नाही नेत साहेब. कोंबड्या नेता.” त्या दिवसापासून हा युक्तिवाद मी सोडला.

आता त्या बोर्डाकडे येतो.

फेब्रुवारीत आम्ही चौघं रात्रीच्या बैठकीला आलो होतो. शिवड्यासाठी दोऱ्या बांधल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक जाड दोरी, तिला हातभर अंतरावर तंगुसाचे फाटे, प्रत्येक फाट्याला मोठा गळ आणि गळाला चिलापीचं जिवंत पिल्लू. ते पाठीच्या काट्याखालून टोचायचं, कण्याला धक्का लागू द्यायचा नाही, म्हणजे ते रात्रभर पोहत राहतं. (ते दुखतं का, असं माझ्या नातीनं विचारलं होतं. दुखत असणार. याचं समर्थन माझ्याकडे नाही.) दोरीचं एक टोक बाभळीला, दुसऱ्याला दगड. बांधायची आणि काठावर ताणून द्यायची. यात कौशल्य नाही, जागरण नाही, आळशाचा धंदा आहे. पहाटे धुकं होतं आणि आमच्यातल्या एकाला सातपूरला पहिली पाळी गाठायची होती. पाच दोऱ्यांपैकी चार गुंडाळल्या. पाचवी राहिली.

दगड निसटला असावा. दोरी वाऱ्यानं वाहत तुमच्या जाळ्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी उजाडताना अण्णांचा मुलगा जाळं ओढत होता. ओलं जाळं ओढताना ते हातावर घेत घेत ओढावं लागतं. गळ अंगठ्याच्या मुळाशी रुतला. गळाला उलटा काटा असतो, तो आत जातो तसा बाहेर येत नाही. पोरानं एका हातानं तराफा काठाला आणला. गळ मांसात, जाळं गळात. टाके पडले. बारा दिवस हात पाण्यात घालायचा नाही, म्हणजे बारा दिवस रोजी बंद.

मी भेटायला गेलो होतो. चहा झाला. अण्णांनी चुन्याच्या रिकाम्या डबीतून तो गळ काढून दाखवला. आता, मी गळाच्या दांडीला निळा दोरा गुंडाळतो. वडिलांची सवय, ते आईच्या शिवणाच्या डब्यातली निळी रिळं पळवायचे. डबीतल्या गळाला निळा दोरा होता. अण्णांनी विचारलं, “कुणाचा असंल?” मी म्हणालो, “कोण जाणे, हल्ली कुणीही येतं.” आणि उरलेला चहा पिऊन उठलो.

अण्णा, तो गळ माझा.

हे तुमच्या ओट्यावरच सांगायला हवं होतं. बोर्ड लागल्यावर सुटल्यासारखं वाटलं ते यामुळेच. सरसकट सगळ्यांना बंदी झाली की कोण एक चुकला हे कुणी विचारत नाही. पण पुढे तुमच्या पोरांनी एका कॉलेजच्या मुलाची काठी मोडली. भरदिवसा, एक काठी, एक गांडूळ लावून वाम धरत बसलेला मुलगा. त्याचा या कशाशी संबंध नव्हता. मग मात्र गप्प बसवेना.

तेव्हा रात्रीच्या दोऱ्या आमच्याकडून बंद. ज्या गळाजवळ माणूस बसलेला नाही तो गळ पाण्यात नको. आमच्या पन्नासेक जणांच्या गटात मी हे बोललो. दोघं-तिघं कुरकुरले, बाकीच्यांनी मान्य केलं. तुमच्या जाळ्यांवर रिकाम्या बाटल्यांची खूण असते, तिच्या आसपासही काठी टाकायची नाही. कुणी टाकलीच तर आधी आम्हाला सांगा. मोडायचीच झाली तर आम्हीच मोडू.

दुसरी चूक दोरीसारखी हाताला टोचत नाही, म्हणून तिची कुणी तक्रार करत नाही. माझ्या लेखी ती जास्त मोठी आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक तरुण बादलीत बॅटरीवरचा हवेचा पंप लावून आमिषाचे मासे घेऊन आला. कुठल्या तरी शेततळ्यातून विकत घेतलेले. संध्याकाळी उरलेले पंधरा-वीस त्यानं धरणात ओतले. वर म्हणतो, “सोडून दिले काका, तेवढंच पुण्य.” बादलीत शेवटचे दोन राहिले होते ते मी पाहिले. चपटं डोकं, चार जोड्या मिशा, तेलकट काळपट अंग. मांगूर, आणि तोही आफ्रिकेकडचा. याच्या पालनावर केंद्रानं २००० साली बंदी आणली, तरी तो लपूनछपून पिकतोच. तो हवेवर जगतो, घाण पाण्यात तग धरतो आणि समोर येईल ते गिळतो. तुम्ही पिशव्या तरंगत ठेवून जपून सोडलेली बोटुकली त्याला फराळ. ते दोन मी काठावर मारले. पोरगा माझ्याकडे खाटकाकडे बघावं तसा बघत होता.

चिलापीचं काय झालं ते तुमच्यासमोर आहे. १९५२ साली ती बाहेरून या देशात आली. आज कुठल्याही धरणात गळ टाका, आधी तीच लागते. तोंडात अंडी-पिल्लं सांभाळणारा मासा, त्याला कोण हटवणार? घरच्या काचेच्या पेटीतले मासे कंटाळा आला की नदीत नेऊन सोडणारेही याच पंथातले, हात जोडून सोडतात. तर आमच्याकडून नियम असा: ज्या पाण्यात गळ टाकायचा त्याच पाण्यातलं आमिष. बादली भरून बाहेरून काही येणार नाही आणि उरलेलं आमिष पाण्यात जाणार नाही, घरी जाईल नाही तर मातीत. गांडूळ चालेल, ते कुणाची बोटुकली खात नाही. आणि बेडूक बंद. आपल्या देशानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली थांबवली, ती भातावरची कीड खाणारं जनावर संपत चाललं म्हणून. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातखाचरांतून बेडूक धरून आणायचे आणि मरळीपुढे नाचवायचे, हे आता मला जमत नाही. रबरी बेडूक मिळतो. मरळ त्यालाही फसते, फक्त आपल्याला जास्त हात हलवावे लागतात.

मरळीवरून एक सांगायचं राहतंय. पावसाळ्यात कडेच्या उथळ पाण्यात, गवताच्या आत कधी कधी ताटाएवढा लालसर डाग दिसतो. पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखी. कुंकू सांडावं तसा तो डाग हलत असतो, कधी बुडतो, पुन्हा वर येतो. ती मरळीची पिल्लं. त्यांनाही हवा घ्यायला वर यावं लागतं म्हणून ती अशी उघडी पडतात, आणि हातभर खाली आई-बाप राखण करत असतात. त्या डागावर बेडूक टाकला की मरळ भूक असो-नसो, झडप घालतेच. ती खायला येत नाही, हाकलायला येते. वडील म्हणायचे, “लाल पाण्यावर गळ टाकायचा नाही.” मी विशीत एकदा टाकला. वडील सोबत नव्हते. दोन किलोच्या वरची मरळ निघाली, मी खुशीत तिथेच विडी पेटवली. विडी संपेपर्यंत त्या डागाच्या चहूबाजूंनी पाणी फुटायला लागलं. चिलापी, डोख, जे जे होतं ते सगळं तुटून पडलं. डाग ताटाएवढा होता, वाटीएवढा झाला, मग नुसतंच पाणी. एका मरळीपायी किती मरळी गेल्या याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल, तुमच्या भावात.

इथे मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. लाल पाण्यावर फेकजाळं मारताना मी तुमचेही लोक पाहिलेत. आणि आषाढात पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांच्या तोंडाशी जे चालतं, त्यात गळवाला, जाळीवाला, गाववाला असा भेद राहत नाही. चढणीचे मासे म्हटलं की काठी, कोयता, मच्छरदाणी घेऊन सगळा गाव ओढ्यात. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. तेवढ्यासाठीच ती गाभोळी भरलेली मासळी वर चढते आणि आपण तिला अंडी घालायच्या आधी पोटातल्या अंड्यांसकट तव्यावर घेतो. मग बीज विकत आणायचं. १९५७ साली १० जुलैला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची अंडी मिळवली, म्हणून आज तुम्हाला हवं तेवढं बीज मिळतं. १० जुलै आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. नेमका त्याच सुमारास आपल्याकडे ओढ्याला कोयते चालू असतात. ओढ्यांची तोंडं जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही जाळ्यांपासून मोकळी ठेवा. आम्ही गळ लावणार नाही, आणि गावातल्या पोरांना हटकायला तुमच्यासोबत उभे राहू. भर पावसात उभं राहायची आम्हाला सवय आहे, घरचे म्हणतात तोच आमचा दोष.

आणखी एक. रात्री बॅटरीचा करंट सोडून, नाही तर जिलेटिनची कांडी फोडून मासळी काढणारे तुमचेही नाहीत आणि आमचेही नाहीत. स्फोट आणि विष घालून मासे मारण्याला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, पण रात्री दोन वाजता धरणावर कायदा नसतो. तिथे जागे असतो ते आम्ही. गेल्या दोन वर्षांत तीनदा आमच्याच फोनवरून तुमच्या सेक्रेटरींना खबर गेली आहे, त्यांना विचारा. काठावरचे गळवाले हटवलेत तर ही फुकटची राखणही जाईल.

काठावर येणारे बाकीचेही आहेत. बॅकवॉटरला लग्नाआधीचे फोटो काढणारे, बाटल्या फोडून जाणारे, मोटारीत गाणी लावणारे. ते सगळे तुमच्या हिशेबात ‘गळवाले’च होतात, कारण आमच्याही गाड्या तिथेच लागतात. आम्ही सकाळी जाताना दोन पोती काचा उचलून नेतो. पण उपकाराच्या भाषेत बोलत नाही, कारण आमचं तंगूसही तिथेच तुटून पडतं. नांदूरमध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका बाभळीवर मी पाणकावळा लटकलेला पाहिलाय, पंखाला तंगुसाचे तीन वेढे आणि टोकाला गळ. ते पक्षी अभयारण्य १९८६ पासूनचं, रामसरच्या म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. तिथे आम्ही गळ नेतच नाही, पण पक्ष्याला आपली हद्द कुठे संपते ते माहीत नसतं. यापुढे तुटलेलं तंगूस खिशात जाईल.

बायका धुणं धुतात त्या खडकाजवळ बसायचं नाही, शेतकऱ्यांच्या मोटारीच्या पाइपावर पाय द्यायचा नाही, गुरं पाण्यावर आली की काठ्या उचलायच्या. हे सांगायला लागतं याचीच लाज वाटते.

खरी कसोटी उन्हाळ्यात. आवर्तनं सुटतात, पाणी रोज हात-हात मागे सरकतं, एप्रिल-मे उजाडेपर्यंत मधला डोह तेवढा उरतो आणि सगळी मासळी तिथे कोंडते. तुमची जाळी तिथेच, आमच्या काठ्याही तिथेच. बहुतेक मारामाऱ्या याच दोन महिन्यांतल्या. माझं म्हणणं, एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत आम्हाला आत सोडूच नका. तुमच्या विक्रीचा हंगाम आहे, आमची नुसती हौस. आमच्यातल्या काहींना हे वाचून माझा राग येईल, येऊ दे. उरलेले महिने मात्र दिवसाचा पास द्या, पैसे घ्या, एका माणसाला एकच काठी, बसायला एक काठ ठरवून द्या. किती मासे न्यायचे तेही तुम्हीच ठरवा. कटला-रोहू चुकून लागला तर तुमच्या काट्यावर तोलून तुमच्याच भावानं विकत घेऊ. मरळ लागली तरी तसंच, अण्णांच्या कोंबड्यांचा हिशेब चुकता. पासाचे पैसे बीजाच्या खात्यात टाकलेत तर सप्टेंबरात पिशव्या उचलायलाही येऊ.

येत्या सभेत हे पत्र वाचून दाखवावं ही विनंती. मी बाहेर कट्ट्यावर बसलेला असेन. त्या कॉलेजच्या मुलाची काठी मी भरून दिली आहे, ती कुणाकडून वसूल करायची नाही. अण्णांच्या मुलाच्या बारा दिवसांच्या रोजीचे पैसे पाकिटात घालून आणतोय, ते अण्णांनी घेतले नाहीत तर सेक्रेटरींनी ठेवून घ्यावेत. आणि नियम मोडल्याची पहिली पावती माझ्या नावानं फाडा. पासाचं नंतर बघू.

आपला,
नाशिकरोडचा निळ्या दोऱ्याचा गळवाला